विद्यापीठाची उपकेंद्रे : स्वरूप, कार्य आणि मर्यादा
(मावळ तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सार्वजनिक विद्यापीठ हे त्याच्या संपूर्ण कार्यक्षेत्राचे असते. परंतु त्याचे विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि निर्णय घेणारी मंडळे बहुधा एकाच शहरात एकवटलेली असतात. कार्यक्षेत्र आणि केंद्रस्थान यांमधील हे अंतर कमी करण्यासाठी मोठ्या विद्यापीठांनी प्रादेशिक परिसर, पदव्युत्तर केंद्र, विभागीय केंद्र, उपकेंद्र अशा विविध नावांनी व्यवस्था उभ्या केल्या. महाराष्ट्रात 'उपकेंद्र' हा शब्द रूढ झाला आहे. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठाच्या उप-परिसराला वैधानिक स्थान दिले. उप-परिसराचा संचालक हा विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांपैकी एक ठरला आणि उप-परिसरांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली.

कायद्याने स्थान मिळाले, तरी उपकेंद्राचे प्रयोजन कोणते, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही. ते मुख्य कार्यालयाची खिडकी आहे, पदव्युत्तर वर्गांची जागा आहे, भावी विद्यापीठाचे बीज आहे की प्रदेशाच्या प्रश्नांवर काम करणारे ज्ञानकेंद्र आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील, विशेषतः लोणावळ्याजवळील औंढे व परिसरातील मावळ भागाच्या संदर्भात करण्यात आला आहे. मावळ तालुका पुणे जिल्ह्यातच असल्याने तेथे उपकेंद्राची गरज आहे, असे सकृद्दर्शनी कोणास वाटणार नाही. याच कारणाने हा तालुका या चर्चेसाठी उपयुक्त ठरतो.

संलग्नीकरणाची परंपरा आणि केंद्राचे एकवटणे

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ही रचना होती. विद्यापीठाने स्वतः अध्यापन व संशोधन करावे, या विचाराला १९०४ च्या कायद्यानंतर बळ मिळाले. त्यातून विद्यापीठाचे दुहेरी रूप तयार झाले. पदवीपूर्व शिक्षण सर्वदूर पसरलेल्या महाविद्यालयांत, तर पदव्युत्तर शिक्षण व संशोधन मुख्यतः विद्यापीठाच्या परिसरात, ही विभागणी महाराष्ट्रात आजही बऱ्याच अंशी टिकून आहे.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. डॉ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. आरंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते आणि संलग्न महाविद्यालये १८ होती. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचा कारभार गणेशखिंडीतून चालत होता. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर कार्यक्षेत्र आकुंचन पावून पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव असे पाच जिल्ह्यांचे झाले. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि धुळे व जळगाव हे जिल्हे वेगळे झाले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले.

जिल्हे कमी झाले म्हणून भार कमी झाला, असे मात्र घडले नाही. ज्या काळात कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांवरून तीन जिल्ह्यांवर आले, त्याच काळात महाविद्यालयांची संख्या अनेक पटींनी वाढली. भौगोलिक विस्तार घटला आणि संस्थात्मक विस्तार वाढला. म्हणूनच नाशिक व अहिल्यानगर येथे उपकेंद्रे उभारण्याची आवश्यकता भासली. नाशिक उपकेंद्रासाठी दिंडोरी तालुक्यातील शिवनई येथे, तर अहिल्यानगर उपकेंद्रासाठी बाबुर्डी घुमट येथे जागा निश्चित झाली. तिसरा जिल्हा पुणे. तेथे विद्यापीठच असल्याने उपकेंद्राचा प्रश्न उद्भवत नाही, असे गृहीत धरले गेले.

उपकेंद्राचे चार नमुने

महाराष्ट्र व शेजारील प्रदेशातील अनुभव पाहता उपकेंद्राचे चार नमुने स्थूलमानाने दिसून येतात.

पहिला नमुना संक्रमणाचा आहे. येथे उपकेंद्र हे पुढे होणाऱ्या स्वतंत्र विद्यापीठाची पूर्वावस्था ठरते. शिवाजी विद्यापीठाचे सोलापूर येथील पदव्युत्तर केंद्र हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच पायावर १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्यातही असेच घडले. मुंबई विद्यापीठाने पणजी येथे पदव्युत्तर अध्यापन व संशोधनाचे केंद्र चालविले होते. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ कार्यान्वित झाले, तेव्हा या केंद्राचा वारसा त्याच्याकडे आला. या दोन्ही ठिकाणी विद्यापीठ रिकाम्या माळावर उभे करावे लागले नाही. शिक्षक, विभाग आणि विद्यार्थी यांची एक घडी आधीच बसलेली होती.

दुसरा नमुना स्थायी उपकेंद्राचा आहे. मुंबई विद्यापीठाची रत्नागिरी, ठाणे व कल्याण येथील केंद्रे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूर येथील केंद्र ही या प्रकारातील होत. यांत मूळ विद्यापीठाशी नाते कायम राहते. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत अंतराचा प्रश्न किती तीव्र आहे, हे सावंतवाडी व कलिना यांमधील सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासावरून लक्षात यावे. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी वेळोवेळी पुढे येते, तिच्या मुळाशी हे अंतर आहे.

तिसरा नमुना दूरशिक्षणाचा आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने विभागीय केंद्रे व अभ्यासकेंद्रे यांचे जाळे आरंभापासूनच रचनेचा भाग म्हणून स्वीकारले. येथे केंद्रस्थान व परीघ यांतील संबंध नंतर जोडलेला नाही. विद्यार्थी जेथे आहे तेथे विद्यापीठाने पोहोचावे, हेच मूळ सूत्र आहे.

चौथा नमुना कृषी विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांचा आहे. उपकेंद्रांच्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः सर्वांत बोधप्रद नमुना तोच आहे आणि त्याचे एक उदाहरण मावळातच आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

औंढे येथून दिसणारे विद्यापीठ

मावळ तालुका अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला आहे. तालुक्याच्या मध्यातून मुंबई-पुणे लोहमार्ग, जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग जातात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास हा भाग अत्यंत सुगम वाटतो. प्रत्यक्षात ही सुगमता मुख्य मार्गालगतच्या गावांपुरती मर्यादित आहे. मार्गापासून आत गेल्यावर पावसाळ्यातील वाहतूक, वाड्यावस्त्यांची विखुरलेली रचना आणि बसफेऱ्यांची मर्यादा हे प्रश्न उभे राहतात.

औंढे येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घेतला, तर त्याला प्रथम लोणावळा किंवा मळवली स्थानक गाठावे लागते. तेथून लोकलने खडकी किंवा शिवाजीनगर आणि पुढे बसने गणेशखिंड, असा हा प्रवास होतो. लोणावळा ते पुणे हे लोहमार्गाचे अंतर ६४ किलोमीटर आहे. जाता-येता सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास प्रवास आणि दिवसाचे चार ते पाच तास यासाठी खर्ची पडतात. घरच्या भातशेतीत, दुकानात वा पर्यटन व्यवसायात हातभार लावणाऱ्या विद्यार्थ्यास हे परवडणारे नसते. विद्यार्थिनींच्या बाबतीत सायंकाळच्या परतीचा प्रश्न अनेकदा प्रवेशाचाच प्रश्न ठरतो. २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. हा निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि शुल्क माफ झाल्याने अंतर माफ होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

तालुक्यात शिक्षणसंस्थांची उणीव आहे, असे नाही. लोणावळ्यात डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय आहे, तळेगाव दाभाडे येथे इंद्रायणी महाविद्यालय आहे आणि कुसगाव परिसरात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे मोठे खासगी संकुल आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेने योगविषयक वैज्ञानिक संशोधनाची परंपरा निर्माण केली. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत तळेगावचे समर्थ विद्यालय एवढे महत्त्वाचे ठरले, की ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले. लहान गावातून मोठे ज्ञानकार्य होऊ शकते, याची ही साक्ष आहे. उणीव आहे ती सार्वजनिक विद्यापीठाच्या स्वतःच्या शैक्षणिक उपस्थितीची, म्हणजे परवडणाऱ्या शुल्कातील पदव्युत्तर अध्यापन, संशोधन मार्गदर्शन व समृद्ध ग्रंथालय यांची.

जिल्ह्याची सीमा आणि गरजेची सीमा

यावरून एक मूलभूत मुद्दा पुढे येतो. उपकेंद्रांची आखणी महसुली जिल्ह्यांच्या आधारे होते; गरजेची आखणी मात्र प्रवासाचा वेळ, कुटुंबाचे उत्पन्न आणि उपलब्ध अभ्यासक्रम यांनी ठरते. या दोन सीमा क्वचितच जुळतात.

अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. परंतु तेथील विद्यार्थ्याला जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा नाशिक जवळ पडते. सुरगाण्यासारखा डोंगराळ तालुका नाशिक जिल्ह्यात असूनही नाशिक शहरातील सोयींपासून दूरच राहतो. औंढे येथून तर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची पश्चिम सीमाच जवळ आहे. खंडाळ्याचा घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो आणि तेथे मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सुरू होते. लोणावळा व खोपोली या दोन गावांत घाटाचेच काय ते अंतर आहे. तरीही त्यांतील महाविद्यालये दोन वेगळ्या विद्यापीठांची, दोन वेगळ्या अभ्यासमंडळांची आणि दोन वेगळ्या परीक्षा वेळापत्रकांची आहेत. एका विद्यापीठाच्या दृष्टीने लोणावळा हे टोक, तर दुसऱ्याच्या दृष्टीने खोपोली हे टोक. दोन परिघांच्या संधिस्थळी असलेला हा प्रदेश दोन्ही केंद्रांच्या नियोजनात सहजपणे दुर्लक्षित राहतो.

अधिनियमातील बृहत् आराखड्याची तरतूद या संदर्भात महत्त्वाची आहे. नवीन महाविद्यालये व अभ्यासक्रम यांचे नियोजन या आराखड्यानुसार व्हावे, अशी अपेक्षा आहे. उपकेंद्रांच्या स्थाननिश्चितीसाठीही अशीच पद्धत अवलंबिता येईल. कोणत्या गावातून किती वेळात कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत पोहोचता येते, याची नोंद तालुकानिहाय घेतली, तर जिल्ह्याच्या सरासरीत लपलेली विषमता स्पष्ट होईल.

उपकेंद्राची कार्ये

उपकेंद्राची कार्ये सामान्यतः चार भागांत मांडता येतात.

(१) प्रशासकीय कार्य : पात्रता प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रिकेतील दुरुस्ती, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्र अशा कामांसाठी विद्यार्थ्याला मुख्य कार्यालयात जावे लागू नये, हा उपकेंद्र स्थापनेमागील सर्वांत जुना व लोकप्रिय युक्तिवाद आहे. परंतु आता अर्ज, शुल्कभरणा आणि अनेक प्रमाणपत्रे ऑनलाइन झाली आहेत. २०२१ पासून श्रेयांकांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय पातळीवर शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था आली. ज्या उपकेंद्राचे प्रयोजन केवळ खिडकीपुरते आहे, त्याचे प्रयोजन संगणकाने हिरावून घेतले आहे. यापुढे उपकेंद्राचे समर्थन शैक्षणिक कारणांनीच करावे लागेल.

(२) अध्यापन : उपकेंद्राने परिसरातील महाविद्यालयांत आधीच चालू असलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम पुन्हा सुरू केल्यास ते सहकारी न ठरता स्पर्धक ठरते. महाविद्यालयांना एकेकट्याने चालविणे शक्य नाही असे विषय निवडणे हे उपकेंद्राचे खरे क्षेत्र होय. एकाच विषयाचे तीन महाविद्यालयांत प्रत्येकी आठ-दहा विद्यार्थी असतील, तर त्यांना एकत्र शिकविणारा सामाईक वर्ग उपकेंद्रात भरविता येतो.

(३) संशोधन : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आहे. त्यासाठी विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम शिक्षक असावेत, अशी अट आहे. ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांना ही अट पूर्ण करणे कठीण आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार एम.फिल. ही पदवीही बंद झाली. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. यांमधील एक पायरी नाहीशी झाली. परिघावरील गुणी विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली संधी कोठे मिळणार, हा आजचा खरा प्रश्न आहे. उपकेंद्र हे त्याचे एक स्वाभाविक उत्तर होऊ शकते.

(४) विस्तारकार्य : स्थानिक स्वराज्य संस्था, शेतकरी गट, शाळा व लघुउद्योग यांना लागणारे ज्ञान उपलब्ध करून देणे आणि त्यांच्या अनुभवातून अभ्यासक्रम समृद्ध करणे, असे या कार्याचे दुहेरी स्वरूप आहे.

ही चारही कार्ये एका अटीवर अवलंबून आहेत. ती अट म्हणजे कायमस्वरूपी शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पूर्णवेळ नियमित शिक्षकच पीएच.डी.चा मार्गदर्शक होऊ शकतो. उपकेंद्रातील अध्यापन तासिका तत्त्वावरील व कंत्राटी शिक्षकांवर सोपविले, तर तेथे वर्ग भरतील. परंतु संशोधन उभे राहणार नाही. संशोधन नसल्यास अनुदानित प्रकल्प मिळत नाहीत, प्रकल्प नसल्यास प्रयोगशाळा व ग्रंथालय वाढत नाही आणि त्यांवाचून चांगले विद्यार्थी पुन्हा मुख्य परिसराकडेच वळतात. विद्यार्थी नाहीत म्हणून पदे नाहीत आणि पदे नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. इमारतीच्या उद्घाटनाने ते भेदले जात नाही.

वडगाव मावळचा धडा

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र वडगाव मावळ येथे आहे. या केंद्रातून विकसित झालेला 'इंद्रायणी' हा भाताचा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहराच्या सुगंधाचा वारसा आणि अधिक उत्पादन यांचा मेळ घालणारा हा वाण आज मावळची ओळख बनला आहे. राहुरी हे कोरड्या हवामानाचे ठिकाण. मावळातील अतिवृष्टीच्या प्रदेशाला योग्य असा भात तेथील प्रक्षेत्रावर पारखून घेणे शक्य नव्हते. ज्या मातीचा व पावसाचा प्रश्न होता, त्या मातीत व पावसातच त्याचे उत्तर शोधावे लागले.

या उदाहरणातून तीन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली गोष्ट म्हणजे कृषी विद्यापीठांनी आपली केंद्रे केवळ महसुली जिल्ह्यांनुसार आखली नाहीत. महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग मानले जातात आणि त्यांच्या गरजेनुसार केंद्रांची रचना झाली. घाटमाथ्याच्या प्रदेशासाठी इगतपुरी व अवर्षणप्रवण प्रदेशासाठी सोलापूर येथे विभागीय केंद्रे आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक केंद्राला स्वतःचा असा विषय मिळाला. वडगाव मावळने भाताचा अभ्यास केला. तेथे सर्व विषयांचे छोटे राहुरी उभारण्याचा प्रयत्न झाला नाही. तिसरी गोष्ट म्हणजे एका वाणासाठी लागणारी वर्षानुवर्षांची निवड व चाचणी यांकरिता केंद्राला सातत्य लाभले.

पारंपरिक विद्यापीठांच्या उपकेंद्रांनाही हा धडा लागू पडतो. मावळपुरते बोलावयाचे झाल्यास येथे विषयांची वानवा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२३ मध्ये घाटाखालील खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग ओढवला. सह्याद्रीच्या उतारांचा अभ्यास ही येथील जगण्या-मरण्याची बाब आहे. माळीण पुणे विद्यापीठाच्या आणि इर्शाळवाडी मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. डोंगर मात्र एकच आहे. भूगोल, भूशास्त्र व पर्यावरणशास्त्र यांचे शिक्षक या परिसरात राहून उतार, पाऊस व जमिनीचा वापर यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवू शकले, तर त्यांचे मोल मोठे राहील. भाजे, बेडसे व कार्ले येथील लेणी आणि जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड हेही याच भागात आहेत. इतिहास, पुरातत्त्व, वारसा-व्यवस्थापन आणि पर्यटनाचे अर्थशास्त्र यांचा अभ्यास करण्यास याहून अनुकूल स्थान कोणते? जमिनीच्या वाढत्या खरेदी-विक्रीचा शेतकरी कुटुंबांवर होणारा परिणाम हा समाजशास्त्राच्या अभ्यासकाला औंढे व आसपासच्या गावांत प्रत्यक्ष पाहावयास मिळणारा विषय आहे.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाची दहा परिसरांची व्यवस्था याबाबत नेहमी उल्लेखिली जाते. तेथे विद्यापीठ एक असले, तरी प्रत्येक परिसराला स्वतःचा प्रमुख, शिक्षकवर्ग व संशोधन कार्यक्रम आहे. त्यांपैकी मर्सेड येथील दहावा परिसर २००५ मध्ये सुरू झाला. सॅन वाकीन खोऱ्याच्या शेतीप्रधान व तुलनेने उपेक्षित प्रदेशात विद्यापीठाचा परिसर नव्हता, ही उणीव भरून काढणे हा त्याचा हेतू होता. महत्त्वाची बाब अशी, की हा परिसर आरंभापासून संशोधन करणारा परिसर म्हणून उभारण्यात आला.

पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचा अनुभव सावध करणारा आहे. राज्यभर विखुरलेले परिसर चालविणाऱ्या या विद्यापीठाने घटती विद्यार्थीसंख्या व आर्थिक ताण या कारणांमुळे सात परिसर २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये घेतला. ज्या परिसराचे अस्तित्व प्रामुख्याने प्रवेशसंख्येवर अवलंबून असते, तो संख्या घटताच असुरक्षित होतो. परिसराची उपयुक्तता केवळ प्रवेशाच्या आकड्याने मोजावयाची की प्रदेशाला झालेल्या लाभाने, हे स्थापनेच्या वेळीच ठरवून घ्यावे लागते.

स्वतंत्र विद्यापीठ की सक्षम उपकेंद्र?

उपकेंद्राची मागणी पूर्ण झाली की काही वर्षांत स्वतंत्र विद्यापीठाची मागणी पुढे येते. तिच्यामागील भावना समजण्याजोगी आहे. स्वतंत्र विद्यापीठाला स्वतःचा कुलगुरू, अधिसभा, अर्थसंकल्प व अभ्यासमंडळे मिळतात. सोलापूरचे विद्यापीठ एका जिल्ह्यापुरते आहे. २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोली व चंद्रपूर या दोन जिल्ह्यांचे आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या गरजा नागपूरहून पुरेशा दिसत नव्हत्या, हे मान्य करावे लागेल.

तथापि प्रत्येक विभाजनाबरोबर प्रशासकीय यंत्रणेचा खर्चही नव्याने उभा राहतो. मोठ्या विद्यापीठाचे ग्रंथालय, तज्ज्ञ शिक्षक व प्रतिष्ठा यांचा लाभ नव्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला पूर्वीप्रमाणे मिळत नाही. शिवाय नव्या विद्यापीठातही केंद्रस्थान व परीघ हा भेद नव्याने निर्माण होऊ शकतो. म्हणजे विभाजनाने अंतर लहान होते; परंतु एकाच ठिकाणी एकवटण्याची वृत्ती आपोआप नाहीशी होत नाही. मावळसारख्या प्रदेशासाठी तर स्वतंत्र विद्यापीठ हा पर्यायच संभवत नाही. अशा ठिकाणी लहान परंतु सक्षम उपकेंद्र हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

अपेक्षा व उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे काही उपाय सुचविता येतील.

१) उपकेंद्रांचे स्थान जिल्ह्याच्या मुख्यालयावरून न ठरविता प्रवासाचा वेळ व उपलब्ध अभ्यासक्रम यांवरून ठरविण्यात यावे. आवश्यक तेथे जिल्ह्याची सीमा ओलांडून प्रवेश व सुविधा देण्याची मुभा असावी.

२) प्रत्येक उपकेंद्राला प्रदेशाशी निगडित एक वा दोन मुख्य विषय नेमून देण्यात यावेत आणि त्यांसाठी कायमस्वरूपी शिक्षकपदे मंजूर करण्यात यावीत. चार पूर्णवेळ शिक्षकांचे केंद्र हे चाळीस तासिका शिक्षकांच्या केंद्रापेक्षा संशोधनाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरेल.

३) उपकेंद्र व परिसरातील महाविद्यालये यांचा समूह तयार करून ग्रंथालय, प्रयोगशाळा व संशोधन मार्गदर्शक यांचा सामाईक वापर करण्यात यावा. मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेल्या महाविद्यालयीन शिक्षकांना उपकेंद्राशी संलग्न करून घेतल्यास संशोधनासह ऑनर्सचा प्रश्न काही अंशी सुटू शकेल.

४) उपकेंद्राच्या संचालकास स्वतंत्र अर्थशीर्ष व ठराविक मर्यादेपर्यंत निर्णयाचे अधिकार देण्यात यावेत. प्रत्येक लहान खर्चासाठी मुख्य कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागत असेल, तर विकेंद्रीकरण कागदावरच राहते.

५) वेळापत्रक स्थानिक वाहतूक व शेतीचा हंगाम यांचा विचार करून आखावे. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत भातपट्ट्यातील उपस्थिती का घटते, हे जाणून घेतल्याशिवाय उपस्थितीचा नियम न्याय्य ठरत नाही.

६) सीमेलगतच्या प्रदेशांत शेजारील विद्यापीठांनी संयुक्त उपक्रम हाती घ्यावेत. सह्याद्रीच्या उतारांचा अभ्यास हा पुणे व मुंबई या दोन्ही विद्यापीठांचा सामाईक प्रकल्प होऊ शकतो.

समारोप

उपकेंद्र हे मोठ्या विद्यापीठाचे औदार्य नव्हे. सार्वजनिक विद्यापीठ हे कराच्या पैशावर उभे असते आणि तो पैसा कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावातून आलेला असतो. त्यामुळे विद्यापीठाच्या ज्ञानात्मक साधनांवर परिघावरील विद्यार्थ्याचा हक्क केंद्रस्थानी राहणाऱ्या विद्यार्थ्याइतकाच आहे. सोलापूर व गोवा येथील केंद्रांनी भावी विद्यापीठांचा पाया घातला, मुक्त विद्यापीठाने विखुरलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची रीत दाखविली आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने स्थानिक प्रश्नातून सर्वांना उपयोगी पडणारे ज्ञान निर्माण होते, हे सिद्ध केले. नाशिक, अहिल्यानगर येथील उपकेंद्रे आणि मावळसारख्या भागांचे भविष्य यांपैकी कोणता धडा गिरविला जातो, यावर अवलंबून राहील. पदवीनंतर शिक्षण सोडावे की रोजचा सव्वाशे किलोमीटरचा प्रवास पत्करावा, एवढेच दोन पर्याय औंढे येथील विद्यार्थ्यासमोर असतील, तोवर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नकाशावर जेवढे दिसते, तेवढे प्रत्यक्षात विस्तारले आहे असे म्हणता येणार नाही.